फोम कटरची तार: कोणत्या गेजची घ्यायची, किती व्होल्टवर चालवायची?



गिफ्ट बॉक्सच्या फोम कटिंगचा व्हिडिओ पाहून बरेच जण दुकानात येतात आणि म्हणतात, "सर, जाड तार द्या, लवकर तुटायला नको." मी आधी विचारतो, तुमचा ॲडॉप्टर किती ॲम्पियरचा? इथं निम्मे लोक गप्प होतात.

आपल्या डोक्यात एक गैरसमज पक्का बसलाय की रेझिस्टन्स जास्त म्हणजे गरमी जास्त. ॲडॉप्टरवर उलटं होतं. व्होल्टेज तेच असेल तर रेझिस्टन्स जितका कमी, तितका करंट जास्त आणि गरमीही जास्त. करंट काढायला व्होल्ट भागिले ओहम. वॅट काढायला व्होल्ट गुणिले ॲम्पियर. बस्, एवढंच गणित.

आता आपला नेहमीचा सेटअप घ्या. ३ ते १२ व्होल्टचा, ३ ॲम्पियरचा व्हेरिएबल ॲडॉप्टर आणि दोन टोकांमध्ये ६० सेंमी नायक्रोम तार. २४ गेजची (एसडब्ल्यूजी) तार लावली तर रेझिस्टन्स साधारण २.७ ओहम. १२ व्होल्टवर ती साडेचार ॲम्पियर मागते. ॲडॉप्टरची ताकद ३ ची, म्हणजे तो बसणारच. २६ गेज साधारण ४ ओहम, बरोबर ३ ॲम्पियर, अगदी काठावर. २८ गेज मात्र ६ ओहमच्या आसपास. नॉब पूर्ण फिरवला तरी २ ॲम्पियर, २४ वॅट. ईपीई फोमला ९-१० व्होल्टपासून सुरुवात करून बघा. म्हणून मी बारीक तार सुचवतो. ती तुटते, मान्य आहे. पण तार स्वस्त, ॲडॉप्टर महाग.

नॉबबद्दल एक लक्षात ठेवा. व्होल्टेज निम्मं केलं की गरमी निम्मी नाही, पाव होते. १२ वर २४ वॅट, तर ६ वर फक्त ६ वॅट. म्हणून नॉब थोडा थोडा फिरवायचा.

लांबीचा धडा मी पैसे मोजून शिकलोय. २०० बॉक्सची ऑर्डर होती, सकाळी डिलिव्हरी, आणि रात्री साडेअकराला तार तुटली. नवी तार घरात नाही. मग तुटलेल्यातला ३० सेंमीचा तुकडा छोट्या फ्रेमला लावला. नॉब होता तसाच, १० व्होल्टवर. तार लालबुंद! खाचेच्या कडा जळून पिवळ्या, आणि थोड्या वेळात ॲडॉप्टर गेला. झालं काय, तर लांबी निम्मी म्हणजे रेझिस्टन्स ३ ओहम, आणि करंट १.७ वरून थेट ३.४ ॲम्पियर. नॉब ५ व्होल्टवर आणला असता तर तार आधीइतकीच तापली असती. ऑर्डर एक दिवस उशिरा गेली, ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

व्हेपच्या कॉइललाही हेच गणित लागतं. वॅट सेट करायच्या मशीनमध्ये रेझिस्टन्स मोजून व्होल्टेज ठरवायचं काम मशीनच करतं. (२०१९ च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं बंद आहे, त्यामुळे तो माल माझ्याकडे मागू नका.) आपला ॲडॉप्टर तेवढा हुशार नाही, हिशोब आपणच करायचा.

आणि हे हात जोडून सांगतो: पंख्याचा रेग्युलेटर किंवा लाइटचा डिमर लावून तार थेट घरच्या २३० व्होल्टवर जोडू नका. व्होल्टेज कमी दिसलं तरी उघड्या तारेला हात लागला की जीव जाऊ शकतो. काहीजण असं करून दाखवतात, त्यांचं बघू नका.

तार लावल्यावर मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, जो आकडा येईल तो नंतरच्या रीडिंगमधून वजा करा. नायक्रोमचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे थंड तारेचं रीडिंग चालतं. टोकं सोल्डर करू नका, स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घट्ट आवळा. एका बाजूला स्प्रिंग द्या, कारण तापली की तार सैल पडते. खिडकी उघडी ठेवा, आणि पहिला कट वाया गेलेल्या तुकड्यावर मारा.