मोटारीच्या पोटांतील पाणी

मोटारीचें इंजिन उतरवावयाचें म्हटलें म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें साखळी, कप्पी आणि अधांतरीं लोंबकळणारें तें अवजड धूड उभें राहतें. परंतु जाणता मिस्त्री आरंभींच साखळीला हात घालीत नाहीं. तो प्रथम एक पसरट घमेलें गाडीखालीं सरकवितो आणि इंजिनांतील पाणी काढतो. हें काम दिसावयास क्षुल्लक. पण त्यांत हयगय झाली तर कोणाचा हात भाजतो, कोणाचें इंजिन बिघडतें, आणि क्वचित् प्रसंगीं घरांतील लहान मुलाच्या जिवावरहि बेततें. म्हणून ज्यांनीं हातांत कधीं पाना धरला नाहीं, अशा गृहस्थांनींहि तें समजून घेणें इष्ट आहे.

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकीं चाकें फिरविण्याच्या कामीं थोडीच येते. पुष्कळशी धुराबरोबर निघून जाते, आणि साधारण तिसरा हिस्सा पाण्यास वाहून न्यावा लागतो. त्यासाठीं सिलिंडरांच्या भोवतीं ओतीव धातूंतच पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. पंप त्या वाटांतून पाणी खेळवितो. तें तापून पुढील जाळींत, म्हणजे रेडिएटरमध्यें येतें, आणि वाऱ्यानें निवून पुन्हा आंत जातें. अलीकडे हें निव्वळ पाणी नसतें. त्यांत एथिलीन ग्लायकॉल नांवाचा द्रव आणि गंज रोखणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. ह्या मिश्रणालाच बाजारांत कूलंट म्हणतात.

तें काढतांना पहिला नियम थांबण्याचा. रेडिएटरचें झाकण साधें बूच नव्हे. तें आंतील दाब राखून ठेवतें. दाबाखालीं द्रव शंभर अंशांवर तापला तरी उकळत नाहीं. झाकण उघडतांच दाब नाहींसा होतो, आणि क्षणापूर्वीं शांत असलेला द्रव एकदम वाफ होऊन उसळतो. स्वयंपाकघरांतील कुकरची वाफ निवण्यापूर्वीं कोणी सुज्ञ गृहिणी झाकण काढीत नाहीं. येथेंहि न्याय तोच. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीं काम करणें सर्वांत निर्धोक. मात्र थंड झाल्यावर झाकण काढलेंच पाहिजे. वरून हवा आंत गेल्याखेरीज खालून द्रव धड वाहत नाहीं. तोंड बंद असलेल्या झारीची धार तुटते, तशीच ही धारहि तुटते.

दुसरा नियम असा कीं, पाण्याचीं घरें दोन आहेत. रेडिएटरच्या तळाशीं लहान नळ असतो. तो नसल्यास खालची रबरी नळी सोडवितात. धार थांबली कीं नवशिका समजतो, काम संपलें. वस्तुतः इंजिनाच्या ब्लॉकमधील खालच्या पोकळींत बरेंच पाणी तसेंच राहिलेलें असतें. अम्बॅसडरसारख्या जुन्या गाडींत त्यासाठीं ब्लॉकच्या बाजूस वेगळा नळ असे. इतर अनेक गाड्यांत तेथें आट्यांचें बूच असतें. तें उघडूनहि कांहीं येत नसेल, तर पाणी नाहीं असें मानूं नये. तोंडाशीं गंजाचा गाळ बसलेला असतो. तारेनें टोंचतांच धार सुरू होते.

सगळें पाणी निघालें कीं नाहीं, हें ओळखण्याची कसोटी शाळेंतल्या वजाबाकीइतकी सोपी आहे. गाडीच्या पुस्तिकेंत कूलंटचें माप दिलेलें असतें. समजा, तेथें ७ लिटर लिहिलें आहे आणि घमेल्यांत ४ लिटर जमलें. तर उरलेले ३ लिटर कोठें तरी आंतच आहेत, किंवा पूर्वींच गळून गेले आहेत. दोन्हीं गोष्टी जाणून घेण्याजोग्या. आंत राहिलेलें पाणी इंजिन तिरपें होतांच मिस्त्र्याच्या अंगावर येतें आणि फरशी निसरडी करतें. वरचें हेड सोडविलें तर तेंच पाणी सिलिंडरांत आणि तेथून तळच्या तेलांत उतरतें. पाणी मिसळलेलें तेल दुधाळ होतें, आणि अशा तेलावर इंजिन चाललें तर बेअरिंगें झिजतात.

आतां घमेल्यांतील द्रवाविषयीं. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतें, आणि हीच त्याची दुष्ट खोड होय. कुत्रीं, मांजरें तें चाटतात. रंगीत सरबत समजून मूलहि तोंडाला लावतें. पोटांत गेल्यावर यकृतांत त्याचीं आम्लें बनतात. त्यांपैकीं ऑक्झॅलिक आम्ल शरीरांतील कॅल्शियमशीं संयोग पावून मूत्रपिंडांत स्फटिकरूपानें सांचतें आणि तीं निकामी करतें. प्रारंभीं केवळ झिंग आल्यासारखें दिसतें. त्यामुळें घरचे लोक फसतात. म्हणून घोटभर गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. ह्या विषावर उतारा आहे. पण तो वेळेवर मिळाला तरच.

ह्यावरून मालकानें दोन गोष्टी पाळाव्या. निघालेला द्रव उघडा ठेवूं नये आणि गटारांत ओतूं नये. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलींत तर तो कदापि भरूं नये. घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून, वर ठळक अक्षरांत नांव लिहून, मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवावा आणि रासायनिक कचऱ्याची योग्य वासलात लावणाऱ्यांच्या स्वाधीन करावा. दुसरी गोष्ट, गाडी कारखान्यांत दिली असतां, “काढलेलें पाणी कोठें ठेवलें?” एवढें मिस्त्र्यास विचारावें. त्या एका प्रश्नानें कारखान्याच्या दाराशीं खेळणारें एखादें पोर वाचूं शकतें.