उचकी : आठवण की घाई?



उचकी लागली की "माहेरी कुणीतरी आठवण काढतंय" असं आपण म्हणतो. खरं तर छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा अचानक आखडतो, म्हणून उचकी लागते. शेतावर जायच्या घाईत कडक भाकरी, तिखट शेंगाचटणी भराभर खाल्ली तरी लागते. म्हणून सावकाश, नीट चावून खा. लागलीच तर थोडा वेळ श्वास रोखा, गार पाणी घोट घोट प्या.

तान्ह्याला लागली तर घाबरू नका. उभं धरून ढेकर काढा. सहा महिन्यांच्या आत पाणीसुद्धा नको, आईचं दूधच.

दोन दिवस उचकी थांबली नाही, तर अंगावर काढू नका, दवाखाना गाठा. सोबत तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, तर लगेच १०८ ला फोन लावा.