इब्री लोकांस पत्र, लेखांक सातवा : समदुःखी याजक

मागील लेखांकात आपण देवाच्या प्रजेसाठी राखून ठेवलेल्या विसाव्याचा विचार केला. आता त्याच चौथ्या अध्यायाच्या अखेरच्या तीन वचनांकडे वळावयाचे आहे. पत्राच्या तेराही अध्यायांचा भार या तीन वचनांवर तोललेला आहे, असे माझे मत आहे. कारण आतापर्यंत सावधगिरीचा इशारा देत आलेला लेखक येथे प्रथमच आपल्या वाचकांना जवळ येण्याचे आमंत्रण देतो, आणि त्या आमंत्रणाला आधार म्हणून त्यांची योग्यता पुढे न करता, ज्याच्याकडे जावयाचे त्याने स्वतः सोसलेले दुःख पुढे करतो.

लेखकाने आपले नाव दिलेले नाही, आणि तिसऱ्या शतकातील ओरिजेनसारख्या विद्वानानेही ते एका देवालाच ठाऊक असे म्हणून तो प्रश्न सोडून दिला. पण वाचकांची अवस्था मात्र पत्रातूनच स्पष्ट होते. यहूदी परंपरेत वाढून ख्रिस्ताकडे आलेली ही मंडळी होती. श्रद्धा स्वीकारताच त्यांची चारचौघांत विटंबना झाली, मालमत्ता हिरावली गेली, आणि तुरुंगात पडलेल्या बांधवांच्या दुःखात त्यांनी आनंदाने वाटाही उचलला. परंतु पुढे काळ लोटला, प्रत्यक्ष रक्त सांडण्याचा प्रसंग आला नव्हता तरी दम सरत चालला, कित्येकांनी एकत्र जमणे सोडले, आणि ज्या व्यवस्थेतून ते बाहेर पडले होते तिच्या डोळ्यांना दिसणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीच्या आश्रयाकडे त्यांचे मन पुन्हा ओढ घेऊ लागले.

त्या आश्रयाच्या केंद्रस्थानी प्रमुख याजक उभा असे, आणि त्याच्या वर्षाचा सर्वोच्च दिवस म्हणजे सातव्या महिन्याच्या दहाव्या तिथीस येणारा प्रायश्चित्ताचा दिवस. आपल्या कोकणात ज्यांना शेजारीपाजारी शनवार तेली म्हणत, ते बेने इस्राएल लोकही हा दिवस उपवासाने पाळत आले आहेत. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात त्या दिवसाचा विधी दिलेला आहे, आणि त्या अध्यायाचा आरंभच अहरोनाच्या दोन पुत्रांच्या, नादाब व अबीहू यांच्या, मृत्यूच्या स्मरणाने होतो. अशास्त्र अग्नी घेऊन परमेश्वरासमोर गेल्याचा तो परिणाम होता. म्हणून अहरोनाने वाटेल तेव्हा पडद्याच्या आत जाऊ नये. वर्षातून त्या एका दिवशी त्याने आपली सोनेरी वस्त्रे बाजूस ठेवून साधी तागाची वस्त्रे ल्यावीत, प्रथम स्वतःच्या व स्वतःच्या घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पावा, धूप पेटवून त्याच्या धुराने दयासन झाकले जाईल अशी तजवीज करावी, म्हणजे तो मरणार नाही. मग रक्त शिंपडावे, मग लोकांसाठी बकरा अर्पावा, आणि दुसऱ्या जिवंत बकऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून साऱ्या प्रजेचे अपराध उच्चारून त्याला रानात सोडून द्यावे. निवासमंडपातील ते परमपवित्रस्थान दहा हात लांब, दहा हात रुंद आणि तितकेच उंच, एवढीशी जागा. परंतु साऱ्या राष्ट्रातून एकच मनुष्य, वर्षातून एकाच दिवशी, आणि तोही जिवाच्या धास्तीने, तिच्यात पाऊल टाकीत असे.

येशूच्या काळापर्यंत या पदाची काय अवस्था झाली होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. कराराचा कोश तर केव्हाच नाहीसा झाला होता, इ. स. पूर्व 63 मध्ये रोमी सेनापती पाँपे त्या खोलीत शिरला तेव्हा ती रिकामीच होती. हेरोद राजापासून इ. स. 70 मध्ये मंदिराचा विध्वंस होईपर्यंत अठ्ठावीस प्रमुख याजक झाले, अशी गणना योसेफस हा यहूदी इतिहासकार देतो. जे पद वंशपरंपरेने आणि आमरण चालावयाचे, त्याच्या नेमणुका आणि बडतर्फ्या राजाच्या किंवा रोमी सुभेदाराच्या मर्जीवर चालल्या होत्या. प्रमुख याजकाची पवित्र वस्त्रेदेखील काही काळ मंदिरालगतच्या अंतोनिया किल्ल्यात रोमी शिबंदीच्या ताब्यात, मोहरबंद ठेवलेली असत, आणि सणापुरती ती बाहेर काढून दिली जात. येशूच्या चौकशीच्या वेळी जो कयफा या पदावर होता, त्याने ते सुमारे अठरा वर्षे टिकविले, यावरून त्याला राज्यकर्त्यांचा कल किती उत्तम ओळखता येत असला पाहिजे याचा अंदाज करता येतो. पत्राचा लेखक यातील कशाचाही उल्लेख करीत नाही. भ्रष्ट झालेल्या पदाशी येशूची तुलना करून सोपा विजय मिळविण्याचे तो टाळतो आणि मोशेच्या काळातील मूळच्या, निर्मळ व्यवस्थेशीच तुलना करतो. त्याच्या या न्यायबुद्धीबद्दल मला फार आदर वाटतो.

त्या मूळ व्यवस्थेतही एक मोठी करुणा होती, आणि लेखक ती मोकळ्या मनाने मान्य करतो. याजक माणसांतूनच घेतलेला असावा, म्हणजे अज्ञानी आणि बहकलेल्यांशी त्याला सौम्यतेने वागता येईल. कारण तो स्वतःच दुर्बलतेने वेढलेला आहे, लोकांच्या आधी त्याला स्वतःसाठी अर्पण करावे लागते. पापी मनुष्याची कणव दुसऱ्या पापी मनुष्यालाच येणार, असा हा हिशेब आहे. तेव्हा येशूची सर्व प्रकारे आपल्यासारखीच परीक्षा झाली, परंतु त्याने पाप केले नाही, असे जेव्हा पत्र सांगते तेव्हा मनात शंका उभी राहते ती अगदी रास्त आहे: जो कधी पडलाच नाही, त्याला पडणाऱ्याचे दुःख काय कळणार?

या शंकेचे उत्तर मला गेथशेमाने बागेत सापडते. त्या रात्री येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जागे राहावयास सांगितले आणि आपण थोडे पुढे जाऊन भूमीवर पालथा पडून तो प्रार्थना करू लागला. तीनदा तो परत आला आणि तीनही वेळा त्याला ते तिघे झोपलेले आढळले. परीक्षा चौघांचीही होती. परंतु त्या तिघांची परीक्षा झोपेने संपविली. रात्र किती लांब असते आणि तिच्या शेवटच्या प्रहरी मनावर काय दडपण येते, हे त्यांना कळलेच नाही, कारण तिथपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. ज्याने हार मानली नाही, त्याच एकाला ती रात्र पुरती भोगावी लागली. मोहाला वश होणारा मनुष्य मोहाच्या अर्ध्या वाटेवरूनच परततो. तेव्हा निष्पापपण हे अनुभवाचे न्यूनत्व नसून त्याची परिपूर्ती आहे, आणि पापी माणसाच्या सहानुभूतीत नकळत मिसळणारी स्वतःच्या अपराधाची सबब, किंवा दुसऱ्याच्या पतनाने मिळणारे चोरटे समाधान, या सहानुभूतीत मुळीच नसते.

म्हणूनच येशूच्या मनुष्यत्वाचा कोणताही अंश वगळण्यास आरंभीच्या मंडळीने कसून विरोध केला. लावदिकियाच्या अपोलिनारिसने येशूला मानवी देह दिला, परंतु मानवी मन नाकारले. त्यावर नाझियान्झच्या ग्रेगरीने दाखवून दिले की, माणसाचे जे त्याने धारणच केले नाही, ते बरेही झाले नाही. इ. स. 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ते मत त्याज्य ठरविले, आणि 451 मध्ये खाल्सेदोन येथे तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचा सिद्धांत मांडला गेला. हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. भीतीने रात्रभर तळमळणाऱ्या माणसाला आपली भीती जाणणारा कोणी सिंहासनावर आहे की नाही, हाच त्यातला प्रश्न होता.

आता सिंहासनाविषयी. दरबारात किंवा कचेरीत फिर्याद घेऊन जाणारा गरीब मनुष्य आधी वशिला शोधतो, कारण निकाल देणारा एक आणि कळवळा असणारा दुसरा, हा त्याचा जन्माचा अनुभव असतो. या पत्रातील धारिष्ट असे की, ज्याला कळवळा आहे तोच सिंहासनाजवळ बसलेला आहे; पडद्यापलीकडची जी जागा एका माणसासाठी वर्षातून एकदा आणि मरणाच्या भयाने उघडत होती, तिथे आता कोणीही, कोणत्याही दिवशी, न भिता यावे. तिथे दोन गोष्टी मिळतात, असे लेखक सांगतो: दया आणि वेळेवर साहाय्य. दया झालेल्या अपराधासाठी, साहाय्य येऊ घातलेल्या संकटासाठी. पेत्राला या दोन्हींचा लाभ झाला. तो नाकारणार हे ठाऊक असूनच येशूने, त्याचा विश्वास ढळू नये म्हणून, आधी प्रार्थना केली होती. पतनाच्या पूर्वीच साहाय्याची तरतूद झाली होती, आणि पतनानंतर सरोवराच्या काठी दया त्याला शोधीत आली.

परंतु साहाय्य म्हणजे संकटनिवारण, असे समजून या वचनांकडे येणाऱ्याची निराशा होईल, आणि ही गोष्ट उपदेशकांनी झाकून ठेवू नये असे मला कळकळीने वाटते. पाचव्या अध्यायात लगेच म्हटले आहे की, येशूने मोठा आक्रोश करीत, अश्रू ढाळीत प्रार्थना केली, आणि ती ऐकली गेली. ऐकली गेली! आणि तरीही प्याला टळला नाही, दुसऱ्या दिवशी क्रूस उभा राहिलाच. ऐकले जाणे म्हणजे काय, याचा अर्थ या एका प्रार्थनेवरून लावावा लागतो: ज्या उठण्याने तो बागेतून शत्रूंना सामोरा गेला, ते उठणे हेच उत्तर होते. पत्राच्या वाचकांनाही त्यांची गेलेली मालमत्ता परत मिळेल असे आश्वासन कोठेही दिलेले नाही.

आपल्या भाषेत हे पत्र मूळ ग्रीकवरून उतरविणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती गेले. त्यानंतर इंग्लंडमध्ये फुलम येथे पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांची भगिनींनी चालविलेली शुश्रूषा पाहून त्यांनी विचारले की, ही माया येते कुठून. आणि उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. विहिरीपाशी थकून बसलेला, स्वतः तहानेला, त्या बाईकडेच पाणी मागणारा तारणारा त्यांना तिथे भेटला. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळपीडित मुलींना त्यांनी जो आश्रय दिला, त्याचे मूळ याच ओळखीत आहे. 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमाही गेली. शास्त्राच्या भाषांतराचे काम रमाबाईंनी त्यानंतरही सोडले नाही, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये, ते पुरे करून, त्या निवर्तल्या. साहाय्य कसे असते, असे मला कोणी विचारले तर मी त्या अखेरच्या वर्षाकडे बोट दाखवीन.

एक अडचण मात्र अजून शिल्लक आहे. याजकपद लेवीच्या वंशाचे, आणि येशू तर यहूदाच्या वंशातला. मग त्याला हा अधिकार कोणत्या सनदेने मिळाला? लेखक त्यासाठी अब्राहामाच्या काळातील मलकीसदेक राजाचा दाखला देतो, आणि पुढील लेखांकात आपण त्याच राजाचा परिचय करून घेऊ.