कपड्यांची खोली : आधी माप, मग सुतार



ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि बडोद्याच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. आपल्या शाळेची तळमजल्यावरील पोशाखांची खोलीही त्यातून सुटली नाही. दांडीवर टांगलेले कपडे वाचले. जमिनीवरच्या ट्रंकांतील नऊवारी लुगडी व फेटे मात्र गेले. त्यांतली काही लुगडी कुणाच्या आजीच्या लग्नातली होती. स्नेहसंमेलनासाठी पालकांनी ती विश्वासाने दिली होती.

आता ही खोली आम्ही पहिल्या मजल्यावर नेत आहोत. त्या निमित्ताने, आत शिरून कपडे काढता-ठेवता येतील अशी खोली कशी आखावी, ते येथे देत आहोत. घरीही याचा उपयोग होईल. पूर्वी दांडिया बाजार, रावपुरा भागातील वाड्यांत फडताळ, पेटारा आणि वलणी यांवर भागत असे. आज फ्लॅटमध्ये अशी खोली करायची तर प्रत्येक इंचाचा विचार करावा लागतो. घराची आखणी हा अभ्यासाचा विषय आहे, हे बडोद्याला नवे नाही. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, १९५० साली, महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली.

१. आधी कपडे मोजा. टांगायचे किती, घडी घालायचे किती, वर्षातून एकदाच लागणारे किती, अशी यादी करा. एक फूट दांडीवर साधारण आठ-दहा हलके कपडे मावतात.

२. मग वाट सोडा. हँगरवरील कपड्याला दोन फूट खोली लागते, घडीच्या कपड्यांना सव्वा फूट पुरते. आपली खोली सात फूट रुंद आहे. एका बाजूस दांडी व समोर फळ्या केल्यास मधे पावणेचार फूट वाट उरते. दोन मुली एकमेकींना धक्का न लावता जाऊ शकतील. वाट तीन फुटांहून कमी नसावी. कपाटांना दारे लावली तर ती वाटेतच उघडतात. म्हणून साधे सुती पडदे बरे. खर्चही वाचतो.

३. उंची ठरवा. झब्बे-सदऱ्यांसाठी साडेतीन व सात फुटांवर अशा दोन दांड्या बसतात. लांब अंगरख्यांसाठी एकच दांडी, साडेपाच फुटांवर. लहान मुलांचे पोशाख त्यांच्या हाताला येतील असे ठेवा. सर्वांत खालची फळी जमिनीपासून दीड फूट वर हवी.

४. हवा खेळू द्या. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते. फळ्या तिच्यापासून दोन इंच पुढे घ्या. खिडकी असावी, पण रेशमावर थेट ऊन नको; रंग उडतो.

५. जरीची काळजी घ्या. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे वजन हँगरवर कायम राहिले तर रेशीम ताणले जाते. ती लुगडी मलमलीत गुंडाळून फळीवर ठेवावीत, थर पाच-सहांचाच असावा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच कापड चिरते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत.

आमची चूक साधी होती. जागा होती, पण सर्वांत मोलाची वस्तू सर्वांत खाली होती. आता प्रत्येक कपड्याची नोंद देणाऱ्याच्या नावासह वहीत होईल. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी मोजपट्टी व आलेखवही आणून नकाशा काढावा. सुताराला त्यानंतरच बोलावू.