कोड थेट चालवावा की राखणीत?

फिरत्या चाकावर जाळी बसवावी की कामगाराला ‘जपून काम कर’ एवढेच बजावावे, हा वाद आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना नवा नाही. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे तोच वाद निराळ्या वेषात उभा आहे.

प्रोग्रॅम चालवण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिलीत लिहिलेला मजकूर आधीच यंत्राच्या आज्ञांत उतरवतात आणि संगणक तो थेट चालवतो. हा नेटिव्ह कोड. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२च्या सुमारास घडवलेली सी भाषा याच घराण्यातली. तीत मेमरीतली जागा किती घ्यावयाची, केव्हा सोडावयाची, हे सारे लिहिणाऱ्याने सांभाळावयाचे. दुसऱ्या तऱ्हेत प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यामध्ये एक राखणदार असतो. तो मर्यादा तपासतो आणि वापरून झालेली जागा स्वतःच झाडून काढतो. हा मॅनेज्ड कोड. १९९५ साली आलेली जावा आणि २००२ सालचे मायक्रोसॉफ्टचे डॉट नेट ही त्याची उदाहरणे होत.

राखणदार फुकट राबत नाही. त्याला मेमरी जास्त लागते, आणि झाडलोटीसाठी तो मधूनच काम क्षणभर थांबवतो. मोटारीच्या ब्रेकवर लक्ष ठेवणाऱ्या चिमुकल्या संगणकाला असा थांबा परवडत नाही. पेढीच्या हिशेबाला बहुधा सहज परवडतो.

आणि राखणदार नसला तर? २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. ओपनएसएसएल हे सी भाषेत लिहिलेले, असंख्य संकेतस्थळांची गुपिते राखणारे साधन. समोरच्याने पाठवलेला मजकूर त्याला परत द्यावयाचा. पण त्याने सांगितली तेवढी लांबी खरोखर होती का, हे तपासावयाचे राहून गेले. एकेका मागणीसरशी शेजारच्या मेमरीतली ६४ किलोबाइटपर्यंत माहिती परक्याच्या हाती पडू लागली. राखणदार असा हात सीमेवरच अडवतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की, त्यांच्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या हाताळणीतले असतात. इतकी कसबी माणसे इतकी वर्षे चुकतात, तेव्हा त्याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे आम्हांला मान्य नाही.

आता तिसरी वाटही निघाली आहे. २०१५ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेली रस्ट भाषा यातली बरीचशी तपासणी प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच उरकते. तिला झाडणारा राखणदार लागत नाही. शिकावयास मात्र मेहनत पडते.

म्हणून निवड करताना ‘वेगवान कोणते?’ एवढेच विचारून भागत नाही. वेग कोठे खरोखर हवा आणि चुकीची किंमत कोण भरणार, हेही विचारावे. आणि तो निर्णय होतो त्या बैठकीत, मध्यरात्री उठून दोष दुरुस्त करणाऱ्यालाही खुर्ची असावी, एवढे आमचे मागणे आहे.