फोन लागत नाही तेव्हा

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर चढला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आलापल्लीला नवं नाही. समजा, नवरा तिकडे शाळेवर आणि बायको इकडे आलापल्लीत. सकाळपासून कानावर एकच वाक्य, ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. दुपारपर्यंत तिच्या मनाने मोटारसायकल, पूल, पाण्याचा लोंढा असा अख्खा अपघात रचलेला असतो. संध्याकाळी गाडी ‘मीच जाऊ दिलं, सगळी चूक माझी’ इथवर येते. भाजी करपते, पोराला विनाकारण धपाटा बसतो.

अशा बाईला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ सांगणाऱ्याचा रागच यावा. पूर तर खराच आहे! तिला धीराची वाक्यं नकोत, तपासणी हवी. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास आणि फिलाडेल्फियाच्या एरन बेक यांनी 1960च्या दशकात उपचाराची जी दिशा धरली, ती हीच: घटना आणि भावना यांच्या मधोमध एक विचार असतो, तो पकडायचा. मराठीत ही ‘विवेकनिष्ठ’ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी रुजवली. ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने ती घरोघरी नेली.

आलापल्लीच्या डेपोत सागवानाचा लठ्ठा लांबी-गोलाई मोजल्याशिवाय लिलावात जात नाही. विचारही तसाच मोजून घ्यायचा. तिने कागदावर लिहावं. घटना: फोन लागत नाही. विचार: तो वाहून गेला. पुरावा काय? फोन बंद, बस्स. मागच्या पुरातही फोन बंदच होता आणि तो शाळेतच मुक्कामी राहिला होता. मग उरतं एवढंच: ‘तो कुठे आहे ते मला आज माहीत नाही, उद्या गाडीवाल्यांकडे चौकशी करीन.’ काळजी राहतेच, पण ती पेलण्याजोगी होते. आणि ‘सगळी चूक माझी’? नदी तिला विचारून चढली नव्हती.

पोलीस भरतीत दोन गुणांनी राहिलेला पोरगा ‘मी कायमचा बाद’ म्हणतो, तोही याच जातीचा विचार. दोन गुण कमी पडले, हे खरं. कायमचा बाद, हा त्याने स्वतःच दिलेला निकाल.

मात्र सगळंच कागदाने सुटत नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, जेवण तुटलं, मरणाचे विचार येऊ लागले, तर डॉक्टर गाठायलाच हवा. 14416 ही टेलि-मानसची मोफत हेल्पलाइन आहे. पण जिथे फोनच लागत नाही, तिथे हेल्पलाइन तरी कशी लागणार?

तिथे माणूसच लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी हे काम केलं. सुमारे दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. आपल्या गडचिरोलीत तर याहून अवघड काम आधीच झालंय: बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने 1990च्या दशकात 39 गावांत आरोग्यदूत बायांकडून घरच्या घरी नवजात बाळांवर उपचार करवून घेतले आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. बाळाच्या श्वासावरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या बाईला, शेजारणीचा ‘सगळी चूक माझी’ ओळखायला शिकवणं जड जाऊ नये. आशाताई अशा दारांत जातेच आहे. तिच्या प्रशिक्षणात हा कागद घालायला सरकारने सुरुवात करावी, ती भामरागड रस्त्यावरच्या गावांपासून.