पंथ बदलला, निमित्त झालं...

अथेन्सचा पोलेमो म्हणजे बड्या घरचा उधळ्या पोरगा. चैनीला ऐनवेळी पैसे कमी पडू नयेत म्हणून गल्लीबोळांत नाणी पुरून ठेवायचा. प्लेटोच्या अकादमीतल्या एका खांबाजवळसुद्धा त्याचं तीन ओबोलचं नाणं सापडलं म्हणे! एकदा हे महाशय झिंगून, डोक्यावर फुलांची माळ घालून झेनोक्रेटिसच्या वर्गात घुसले. विषय नेमका संयमाचा. गुरुजींनी ढुंकूनही पाहिलं नाही, बोलणं तसंच चालू. पोरगा ऐकायला बसला तो बसलाच. इ.स.पू. ३१४च्या सुमारास अकादमीच्या गादीवर झेनोक्रेटिसनंतर आला तो हाच.

झेनो नावाच्या व्यापाऱ्याचं तर मालानं भरलेलं जहाज बुडालं. अथेन्समध्ये तो एका पुस्तकाच्या दुकानात टेकला. दुकानदार सॉक्रेटिसच्या आठवणी मोठ्यानं वाचत होता. ‘अशी माणसं भेटतात कुठे?’ झेनोनं विचारलं. समोरून क्रेटिस नावाचा तत्त्वज्ञ चालला होता. दुकानदार म्हणाला, ‘त्याच्या मागे लाग.’ लागला, आणि पुढे स्वतःचा स्टोइक पंथच काढला.

याच झेनोचा चेला डायोनिसियस. दुखणं ही वाईट गोष्टच नव्हे, ही पंथाची शिकवण. ती त्याला पटलीही होती, डोळे दुखायला लागेपर्यंत! मग स्वारी थेट सुखवाद्यांच्या गोटात. लोकांनी त्याचं नावच ‘पलटी मारणारा’ ठेवलं.

दुसऱ्या शतकातल्या जस्टिननं तर गुरूंची दुकानंच पालथी घातली. स्टोइक गुरू देवाबद्दल काही सांगेना. ॲरिस्टॉटलच्या पंथातल्यानं काही दिवसांतच फी मागितली. पायथागोरसवाला म्हणाला, आधी संगीत, खगोल, भूमिती शिकून ये. शेवटी प्लेटोमार्गे गडी ख्रिस्ती झाला, पण तत्त्वज्ञाचा झगा काही उतरवला नाही. कहाणी जरा बेतलेली वाटते. पण सांगतोय तो स्वतःच.

आपल्याकडे नालंद्याचा उपाली. महावीरांचा हा श्रीमंत अनुयायी बुद्धाला वादात हरवायला गेला आणि त्याचाच झाला. (कथा बौद्ध ग्रंथातली, तेव्हा निकाल ठरलेलाच.) गंमत पुढे आहे. बुद्ध म्हणाला, नीट विचार कर, आणि जैन साधू दारी आले तर त्यांची भिक्षा बंद करू नकोस.

अशा पंथबदलाची खूण दगडातही सापडते. नाशिकला पांडवलेण्यांत गेलात तर १७ क्रमांकाचं लेणं जरूर बघा. ते खोदवून घेणारा उत्तरेकडचा यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा. वडील धर्मदेव, मुलगा धर्मरक्षित आणि बौद्ध लेणं कोरवणाऱ्या या गृहस्थाचं नाव इंद्राग्निदत्त. त्यात इंद्र आणि अग्नी, दोन्ही वैदिक देव हजर!